ब्रेकची कडी

सुखदेव तायडेला धायरीत नावानं हाक मारणारी माणसं थोडीच. बाकी सगळ्यांचा तो मिस्त्री. वडील वाशीमकडून पुण्यात आले आणि विश्रांतवाडीला राहिले. सुखदेवनं लग्नानंतर धायरीत कॅनॉलच्या अलीकडं पत्र्याची शेड घातली. शेडच्या मागं दोन खोल्या, त्यात तो आणि त्याची बायको हिरा. मोठे ट्रॅक्टर तो हातात घेत नसे. त्याच्याकडं यायचे ते मिनी ट्रॅक्टर, अठरा-वीस हॉर्सपॉवरचे, पंचवीस-तीस वर्षं राबलेले. धायरीतली शेतं गेली, बिल्डिंगी आल्या, पण हे ट्रॅक्टर काही गेले नाहीत, उलट त्यांचं काम वाढलं. सोसायटीच्या फाटकातून मोठा ट्रॅक्टर आत जात नाही, हा जातो. बागेची माती उकरतो, लॉनवर रोलर ओढतो, लाल मातीची ट्रॉली घेऊन टेकडी चढतो, पाण्याचा पंप फिरवतो. अंगापेक्षा जास्त राबणाऱ्या माणसाचं जे होतं तेच मग त्यांचंही होतं. माती उकरायचा उचललेला रोटर आपोआप खाली बसायला लागतो, क्लच घसरतो, मागच्या चाकाचं सील जातं आणि ऑइल झिरपत झिरपत ब्रेकवर उतरतं. सुखदेवचं घर या दुखण्यांवर चालायचं.

रंगनाथच्या ट्रॅक्टरचं दुखणं हे सीलचंच होतं. रंगनाथ धायरीतल्या जुन्या घरातला. वडिलोपार्जित जमिनीचा जो तुकडा उरला होता त्यात त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, शंभूनं, नर्सरी काढली होती. ट्रॅक्टर बहुतेक वेळा शंभूच चालवायचा. ब्रेक लागत नाहीत म्हणून तो ट्रॅक्टर घेऊन आला, सुखदेवनं मागची दोन्ही चाकं उतरवली, सील बदलली, ऑइलानं माखलेले ब्रेक शू टाकून नाना पेठेतून आणलेले नवे घातले, दोन्ही पायडल सारखी केली आणि ट्रॅक्टर परत दिला.

आता, या ट्रॅक्टरला ब्रेकची पायडलं दोन असतात. एक डाव्या चाकाचं, एक उजव्या चाकाचं. वाफ्यात किंवा बांधाला वळवताना एकाच चाकाचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन फिरतो. पण रस्त्यावर ही दोन पायडलं एका लोखंडी कडीनं जोडून ठेवावी लागतात. कडी नसेल आणि वेगात असताना पाय एकाच पायडलवर पडला, तर एक चाक जखडतं, दुसरं धावतं, आणि ट्रॅक्टर कलंडतो. जुन्या ट्रॅक्टरला डोक्यावर कमानही नसते. खाली सापडला तो गेला.

शंभू असाच गेला. टेकडीच्या उताराला मातीची ट्रॉली घेऊन येताना समोर शाळेची व्हॅन आली, त्यानं ब्रेक मारला, ट्रॅक्टर उजवीकडं फिरून चरात पालथा झाला. लोकांनी ट्रॅक्टर उचलेपर्यंत सगळं संपलं होतं. पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, पायडलची कडी निघालेली होती. दुसरा कुणीतरी म्हणाला, आठवड्यामागं मिस्त्रीनंच ब्रेक केले होते की. संध्याकाळपर्यंत ही दोन वाक्यं गावात एक झाली.

सुखदेवच्याही कानावर ती आली. पायडल सारखी करताना कडी काढावीच लागते. ती त्यानं परत लावली होती का? लावली असणार. इतक्या वर्षांत कधी विसरला नव्हता. पण ज्या कामाची हाताला सवय असते ते डोक्याला आठवत नाही. दाराला कुलूप घातलं का, हे जसं रस्त्यात आठवत नाही, तसं. रात्री तो अंथरुणात बसून डोळे मिटायचा, हात पुढं करायचा, कडी पकडल्यासारखी बोटं वळवायचा. काही आठवायचं नाही. हिरा म्हणायची, अहो, झोपा. तुम्ही विसरला असाल तर विसरलात, नसाल तर नाही. बोटं वाकवून काय कळणार आहे.

शंभूच्या अंत्यविधीला तो लांबून गेला आणि लांबूनच परतला.

दहाव्याला घाटावर जे झालं ते त्याला फार नंतर कळलं. पिंड ठेवला, सगळे मागं सरले, पण कावळा काही शिवेना. झाडावर दहा-बारा बसलेले, एकही खाली उतरेना. शंभूची आई गोदाबाई दगडावर बसून होती. नातेवाईक एकेक करून पुढं होत होते आणि मेलेल्याला शब्द देत होते. पोरांना शिकवू. बायकोला अंतर देणार नाही. आईला बघू. कावळे हलले नाहीत. मग रंगनाथ-शंभूचा चुलतभाऊ तेजस पुढं झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की शंभूदादा, त्या मिस्त्रीला आम्ही सोडत नाही. आणि त्याच वेळी एक कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

लोक हात जोडून उठले. रंगनाथनं मात्र हात जोडले नाहीत. डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर पांढरं उपरणं, तसाच तो घाटावरून निघाला. घरी न जाता नर्सरीत गेला, तिथं खड्डे घ्यायची पहार होती ती उचलली आणि चालत कॅनॉलकडं निघाला.

सुखदेव तेव्हा नऱ्ह्यातल्या एका गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरवर काम करत होता. त्याची तक्रार होती, की मागच्या शाफ्टला पंप जोडला की तो जोर धरत नाही. हा शाफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागून निघणारा फिरता लोखंडी दांडा; रोटर, पंप, जे जोडाल ते तो फिरवतो. सुखदेवनं एक पंप जोडून पाण्याच्या पिंपात पाइप सोडला होता आणि शाफ्ट जोरात फिरत ठेवून आवाज ऐकत होता. शाफ्टवरचं प्लास्टिकचं झाकण गिऱ्हाइकानंच कधीतरी फोडून टाकलं होतं. शिवाय त्या इंजिनाची बंद करायची वायर तुटलेली होती. ही जुनी डिझेल इंजिनं किल्ली फिरवून बंद होत नाहीत. वायर ओढून डिझेल तोडावं लागतं, आणि वायर नसेल तर इंजिनाच्या अंगाला डिझेलच्या पंपावर एक बोटभर लिव्हर असते, ती हातानं दाबून धरावी लागते. वायरचं काम सुखदेव शेवटी करणार होता.

इंजिनाच्या आवाजात त्याला पावलं ऐकू आली नाहीत. सावली पडली तेव्हा त्यानं वर पाहिलं.

"मिस्त्री," रंगनाथ म्हणाला, "शंभूला कावळा शिवला."

सुखदेवला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. त्याला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो, याला बसायला द्यावं. तो स्टूल पुढं ओढायला वळला आणि पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला.

आधी दुखलंच नाही. फक्त उजवा हात आपला नाहीसा झाला असं वाटलं. दुसरा घाव बरगड्यांवर आला आणि त्यानं त्याचा श्वास नेला. तो गुडघ्यावर पडला. तिसरा डोक्यावर येणार हे त्याला दिसलं, म्हणून तो पुढं झेपावला आणि रंगनाथच्या पायांना मिठी मारली. दोघंही ऑइलच्या चिखलात आडवे झाले. पहार सुटून लांब गेली. रंगनाथ अंगानं दुप्पट होता. त्यानं सुखदेवला उताणा केला, छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी गळा धरला.

सुखदेवच्या डाव्या हाताला जमिनीवर एक पाना लागला. त्यानं तो रंगनाथच्या कानशिलावर हाणला, जमेल तेवढ्या जोरानं. भादरलेल्या डोक्यावर कातडी फाटली आणि रक्ताचा ओघळ सुखदेवच्या तोंडावर पडला. गळ्यावरची पकड सुटली नाही. त्यानं परत हाणला. मग रंगनाथनं एक हात सोडून तो पाना हिसकावला आणि त्याच पान्यानं सुखदेवच्या तोंडावर मारलं. दोन दात तुटून जिभेवर आले.

"कडी लावली न्हवतीस तू," रंगनाथ दातओठ खात म्हणाला. "सांग. लावली न्हवतीस."

सुखदेवनं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं काय ते माहीत नव्हतं.  ते गप्प राहणं रंगनाथनं पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र पसरलं, राग नव्हे, सुटका झाल्यासारखं काहीतरी. तो उठला. पहार उचलायला गेला. सुखदेव कोपरांवर रांगत ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला सरकला आणि पुढच्या चाकाला टेकून पडला. आणखी पुढं जायला अंगात काही नव्हतं.

रंगनाथ पहार घेऊन ट्रॅक्टरला मागून वळसा घालून येत होता. शाफ्टजवळून वळतानाच त्यानं पहार दोन्ही हातांनी डोक्यावर घेतली. खांद्यावरचं उपरणं झटक्यानं मागं उडालं आणि त्याचं टोक फिरत्या शाफ्टवर पडलं.

नुसतं टोक. शाफ्टच्या सांध्याला जो बोल्ट असतो त्यात ते अडकलं आणि गुंडाळलं गेलं. उपरण्याचं दुसरं टोक रंगनाथच्या बगलेतून काढून मनगटाला पिळलेलं होतं, घाटावरून तो तसाच आला होता. काय झालं ते त्यालाही कळलं नाही. त्याच्या हातातून पहार उडाली, तो मागं खेचला गेला, खांदा ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर आदळला आणि उजवा हात शाफ्टभोवती गेला. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. शाफ्ट थांबला नाही. अठरा हॉर्सपॉवरला माणसाचा हात म्हणजे काहीच नव्हे. तो फिरतच राहिला, दर फेऱ्याला आणखी थोडं ओढत.

रंगनाथ ओरडला नाही. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. त्याचे डोळे सुखदेववर होते.

डिझेलच्या पंपावरची लिव्हर सुखदेवच्या डोक्याच्या वर, हात लांब केला की लागेल इतकी जवळ होती. डावा हात चालत होता. त्यानं लिव्हरकडं पाहिलं. मग रंगनाथकडं पाहिलं. आणि त्याचा हात मांडीवरून उठला नाही.

किती वेळ, ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. तोंडातलं रक्त गिळण्याइतका असेल. तेवढ्यात त्याच्या मनात एवढंच आलं, की हा गेला तर मी वाचतो. दुसरं काही नाही. दया नाही, शंभू नाही, कडी नाही. मग त्याचा हात वर गेला आणि त्यानं लिव्हर दाबून धरली. इंजिन दोन-चार धक्के देऊन मेलं. शाफ्ट थांबला.

शेडमध्ये एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत रंगनाथचा आवाज फुटला. जनावराचा असतो तसा.

सुखदेव चाकाला धरून उठला. शाफ्ट उलटा फिरवल्याशिवाय हात निघणार नव्हता. त्यानं डाव्या हातानं आणि पोटाच्या जोरानं तो उलटा फिरवला, एक फेरा, दोन फेरे. रंगनाथ मोकळा होऊन खाली कोसळला. कोपराखाली हात म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि फुटलेल्या पाइपातून यावं तसं रक्त उसळ्या मारत होतं. सुखदेव त्याच्यावर गुडघे टेकून बसला, दंडाच्या आतल्या बाजूला दोन्ही अंगठे घातले आणि सगळा भार देऊन दाबलं. उजव्या खांद्यातून कळ निघून डोळ्यांपुढं अंधारी आली. रक्ताची उसळी कमी झाली. अंगठा जरा सैल केला की परत सुरू व्हायची. म्हणजे आता उठता येणार नव्हतं. त्यानं हिराला हाक मारली. पण ती शेजारच्या बोअरवर पाणी भरायला गेली होती.

आधी आला तो तेजस. घाटावरून रंगनाथ घरी आला नाही, पहारही जागेवर नाही, म्हणून गोदाबाईनं त्याला पाठवलं होतं. त्याच्याबरोबर आणखी दोघं. पिकअप दारात उभी करून ते आत आले आणि त्यांना दिसलं ते असं, की रंगनाथ रक्तात पडलाय आणि मिस्त्री त्याच्या उरावर बसलाय.

पहिली लाथ पाठीत बसली. सुखदेव पुढं कलंडला, पण अंगठे त्यानं सोडले नाहीत. तो सांगत होता, की हात सोडला तर हा मरेल, रक्त धरलंय, गाडी काढा. तुटक्या दातांतून शब्द नीट निघत नव्हते आणि कुणाला ऐकायचंही नव्हतं. तिघंही मारत होते. शिव्या आधी आईवर गेल्या, मग जातीवर. कुणीतरी त्याचे केस धरून मागं ओढलं. तेजसनं बुटाची टाच त्याच्या डाव्या कानावर हाणली, आणि त्या बाजूचं जग बंद झालं. शिट्टीसारखा एक आवाज तेवढा उरला.

सुखदेवनं डोकं रंगनाथच्या छातीत खुपसलं आणि पाठ वर केली. पाठ मारायला देऊन टाकली. हात तेवढे ठेवले. आपण हे का करतोय हे त्याला समजत नव्हतं. मघाशी ज्या माणसाला मरू द्यायचं त्याच्या मनात आलं होतं, त्याच माणसाचं रक्त धरून तो मार खात होता. त्याला एवढंच माहीत होतं, की आता सोडलं तर मघाचा तो हात न उचलणं कायमचं खरं होईल.

हिरा पाण्याची घागर घेऊन आली ती शेडच्या मागच्या दारानं. तिनं घागर खाली ठेवली. भिंतीला घण उभा होता. चाक ठोकायचा, पाच किलोचा. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि तेजसच्या मांडीवर मागून मारला. तेजस मोडलेल्या खुर्चीसारखा बसला. दुसरा वळला तर तिनं घण परत उचललेला होता.

"तुमच्या माणसाचा जीव माझ्या नवऱ्याच्या अंगठ्याखाली आहे," ती म्हणाली. "मारामारी नंतर करा. आधी गाडी लावा."

तिचा आवाज चढलेलाही नव्हता. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खाली पाहिलं. एकानं वाकून सुखदेवचे अंगठे कुठं आहेत ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

रंगनाथला पिकअपमध्ये घालताना सुखदेवलाही बरोबर उचलावं लागलं. हात सोडता येत नव्हता. मागच्या उघड्या फळीवर रंगनाथ आडवा, त्याच्यावर ओणवा सुखदेव, आणि सुखदेव पडू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी धरून बसलेले ते दोघं, ज्यांनी आत्ताच त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. तेजस पुढं बसून मांडी धरून कण्हत होता. हिरा घण घेऊनच चढली. सिंहगड रोडवर नेहमीप्रमाणं गाड्यांची रांग लागलेली. पिकअपचा हॉर्न अखंड वाजत होता आणि लोक वाकून आत बघत होते. एका सिग्नलला सुखदेवचे अंगठे घसरले. शेजारच्यानं न सांगता आपला हात त्याच्या हातावर ठेवून दाबला. 

हॉस्पिटलात नर्सनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. ती आपणहून उघडत नव्हती. बोटं सुटली आणि सुखदेव तिथंच फरशीवर पडला.

त्याच्या चार बरगड्या मोडल्या होत्या, खांद्याचं हाड सरकलं होतं, डाव्या कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरनं सांगितलं, या कानानं आता फारसं ऐकू येणार नाही. रंगनाथचा उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. पण तो जगला.

तो शुद्धीवर येईपर्यंत इकडं तेजसच्या बाजूच्यांनी तक्रार दिली होती, की मिस्त्रीनं रंगनाथला बोलावून घेतलं आणि चालत्या शाफ्टवर ढकललं. सुखदेवच्या खाटेशेजारी एक हवालदार बसला. हिरानंही तक्रार दिली. मारहाणीची, आणि तोंडानं जे बोलले त्याचीही, शब्दन् शब्द. ठाण्यातल्या साहेबांनी तिला समजावलं, की बाई, दोन्हीकडून तक्रारी झाल्या की दोघांनाही त्रास, विचार करा. ती म्हणाली, साहेब, त्रास आमचा होऊन गेलाय, आता तुमचा असेल तर सांगा. साहेबांनी लिहून घेतलं.

मग रंगनाथचा जबाब झाला. साहेब त्याच्या खाटेशी अर्धा तास बसले आणि बाहेर येऊन त्यांनी सुखदेवच्या हवालदाराला उठवलं. रंगनाथनं सांगितलं होतं, की मीच मारायला गेलो होतो, पहार माझी होती, त्यानं ढकललं नाही, इंजिन त्यानंच बंद केलं. नातेवाइकांनी फार समजावलं. त्यानं जबाब बदलला नाही. आणि संध्याकाळी निरोप पाठवला, की मिस्त्रीला म्हणावं, येऊन जा.

हिरा जाऊ नका म्हणाली नाही. भिंतीला धरून धरून सुखदेव वरच्या मजल्यावर गेला तेव्हा ती त्याच्या मागंच होती. वॉर्डच्या दाराशी थांबली. गोदाबाई औषधं आणायला खाली गेली होती, खाटेशी दुसरं कुणी नव्हतं. सुखदेव उजवा कान रंगनाथकडं येईल असा स्टुलावर बसला.

रंगनाथ छताकडं बघत होता. डोक्यावर केसांची खुंटं उगवायला लागली होती, आणि पान्यानं फाटलेल्या जागी टाके होते.

"थांबला व्हतास तू," तो म्हणाला.

"हो."

"बघितलं मी."

"मलाही माहीत आहे तुम्ही बघितलंत ते."

"मी असतो तर हात लावला नसता लिव्हरला," रंगनाथ म्हणाला.

 जे विचारायला सुखदेव आला होता ते त्यानं विचारलं. त्या दिवशी ट्रॅक्टर नेला तेव्हा पायडलला कडी होती का. मला आठवत नाही, तो म्हणाला, तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर सांगा. नव्हती असं सांगितलंत तरी चालेल. पण काय ते कळू द्या.

रंगनाथनं मान वळवली. पहिल्यांदाच त्यानं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"लावली व्हतीस तू," तो म्हणाला. "आठवडाभर व्हती. शंभू गेला त्या सकाळी वाफ्यात वळवायला मी काढली. परत लावायची ऱ्हायली. त्याला म्हायतीबी न्हवतं. मी खाली उतरलो अन् तो बसला."

सुखदेवच्या कानातली शिट्टी मोठी झाल्यासारखी झाली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "पहार घेऊन आलात तेव्हा माहीत होतं."

"म्हाईत असल्याबिगर इतका राग येतो व्हय?"

सुखदेव उठला. खाटेच्या लोखंडी दांडीवर त्याची बोटं आवळली गेली. समोर गळा होता, उघडा, आणि त्याला अडवायला माणसाकडं एकच हात उरलेला. चांगला हात उचलून त्या गळ्यावर ठेवायची जबर इच्छा त्याला झाली. रंगनाथ हलला नाही. बहुधा त्याला तेच हवं होतं. सुखदेवला ते दिसलं, आणि ते दिसलं म्हणूनच त्यानं बोटं सोडवली आणि तो दाराकडं निघाला.

बाहेर येऊन त्यानं हिराला सांगितलं. पूर्ण वाक्यं जमली नाहीत, पण तिला समजलं. तिनं एकदाच विचारलं, की नक्की असंच म्हणाला का. तो हो म्हणाला. ती आत गेली.

तेवढ्यात गोदाबाई औषधांची पिशवी घेऊन जिना चढून आली होती आणि लेकाच्या उशाशी उभी होती. हिरा तिच्या शेजारून पुढं गेली आणि तिनं रंगनाथच्या तोंडात मारली. एकच. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. हिराचा हात लाल झाला होता, तो तिनं पदराला पुसला.

"कशापायी मारलंस गं त्याला?" गोदाबाईनं विचारलं. तिचा आवाज बसलेला होता, इतके दिवस रडून. "हात गेलाय माझ्या लेकाचा. एक लेक गेला. तुमाला अजून काय पायजे?"

हिरा तिच्याकडं वळली. सांगून टाकणं सोपं होतं.

"त्यालाच विचारा," ती म्हणाली. "तुम्ही आई आहात. तुम्हाला सांगेल."

ती बाहेर आली, सुखदेवचा चांगला दंड धरला आणि दोघं जिना उतरायला लागले. एका पायरीवर एक पाय, मग दुसरा. अर्ध्या जिन्यावर वरून गोदाबाईचा बसलेल्या आवाजातला हंबरडा आला, तशी हिरा एकाएकी थांबली आणि वर बघायला लागली. तिची बोटं त्याच्या दंडात रुतली.

सुखदेवचा वरच्या बाजूला होता तो डावा कान. "काय झालं?" त्यानं विचारलं.

 वरच्या मजल्यावर दोन नर्स धावत गेल्या. मग हिरानं त्याचा दंड धरला होता तिथला सदरा नीट केला.

"काही नाही," ती म्हणाली. "चला. रिक्षा बघू."